शुक्रवारच्या गप्पा आणि टॅमीची आजी

हार्डिंग,
रविवार, ९ नोव्हेंबर १९८६

ती. अल्बेर्तिन आत्यास,
वाल्मोचा शि. सा. न. वि. वि.

आज लिहितो, उद्या लिहितो असं करत सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला, आणि तू दिलेली पाकिटं माझ्या बुटाच्या खोक्यात तशीच पडून राहिली. खोटं कशाला बोलू, विसरलो नव्हतो. लिहायचं म्हटलं की पोट दुखायचं. पण आता असं काही ऐकून बसलोय की कुणाला तरी सांगितलं नाही तर मीच फुटेन.

आधी सांगतो की मी जिवंत आहे आणि नोकरीवर आहे. हेरिंग मासळीच्या बोटीवरून उतरलो, मग जत्रेतल्या पाळण्याबरोबर महिनाभर हिंडलो (ते पुन्हा कधी तरी, त्यात एक घोडा आणि एक पाद्री आहे), आणि आता या इंग्रज गावात शाळेत आहे. हसू नकोस. शिक्षक नव्हे, मदतनीस. इथल्या इंग्रज आईबापांनी आपली पोरं फ्रेंच वर्गात घातलीयत. गणितापासून गाण्यापर्यंत सगळं आपल्या भाषेत. वर्गाच्या मुख्य बाई मादाम गिस्लेन, क्वेबेकच्या. त्यांना आपल्या किनाऱ्याचं कुणी तरी बोलतं माणूस हवं होतं आणि मी बोलतो हे तर तुला ठाऊकच आहे.

पण त्यांचा एक कडक नियम आहे. या वर्गात मोठ्या माणसांना इंग्रजी येत नाही. अजिबात. येत असलं तरी नाही. पोरांना वाटलं पाहिजे की आमच्याशी बोलायचं तर फ्रेंचमध्येच, दुसरी वाट नाही. शाळेबाहेरसुद्धा हेच नाटक! परवा दुकानात आमच्या वर्गातला ड्वेन आईबरोबर उभा, म्हणून मला दूध मागायला गायीसारखं हंबरावं लागलं. दुकानदार मला वर्षभर लक्षात ठेवणार.

वर्ग मात्र झकास चालतो. सकाळी गालिच्यावर गोल करून वार, तारीख, हवा. मग डोकं-खांदे-गुडघ्यांचं गाणं. एका कोपऱ्यात रिकाम्या डब्यांचं दुकान, दुसऱ्यात पुठ्ठ्याची शेगडी नि स्वयंपाकघर. प्रत्येकाच्या नावाचा कपड्याचा चिमटा हिरव्या पट्टीवर लावलेला. तोंडातून इंग्रजी निघालं की चिमटा पिवळ्यावर. गुरुवारी मुकाभिनयाचा खेळ: ज्याला जो शब्द हवा तो त्याने करून दाखवायचा, बाकीच्यांनी ओळखायचा, मग मादाम तो शब्द देतात. शुक्रवारी गप्पा: एकाने उभं राहून घरची गोष्ट पाच-सहा वाक्यांत सांगायची. चांगली सांगितली की तक्त्यावर सोनेरी तारा.

आता मुद्द्यावर येतो. टॅमी क्रँडल, वय सात, पुढचे दोन दात पडलेले. मादामच्या मते वर्गातली सर्वांत हुशार मुलगी. इतर पोरं गुरुवारी डायनासोर मागतात, हॉकीची काठी मागतात. ही काय मागते? गोळी गिळणं. दार लावून घेणं. परवा तिने म्हातारीचा अभिनय केला, जी अंधारात बूट चढवून बाहेर निघालीय. पोरं ओरडली, भूत! अस्वल! मादाम खूश, किती कल्पनाशक्ती म्हणे.

मधल्या सुट्टीआधी व्हरांड्यात मी पोरांना बर्फाचे डगले चढवतो. टॅमी सर्वांत शेवटी थांबते आणि माझ्याशी इंग्रजीत बोलत बसते, जसं आपण वासराशी बोलतो तसं. याला काय कळतंय, असं समजून. मी चेन ओढतो आणि मान डोलावतो. मांजरीचं सांगायची, बापाचं सांगायची. बाप फिल बटाट्याचा ट्रक घेऊन बॉस्टनला जातो, आठवड्याला दोन दिवस घरी. आई कधीच सोडून गेली. घरात ही नि आजी, बापाची आई.

शुक्रवारी ती मला म्हणाली, अगदी सहज, की आजी आता शाळेसारखंच बोलते. आधी एखादा शब्द यायचा, आता सगळंच तसं. इंग्रजीत काही सांगितलं तर आजीला कळतच नाही. म्हणून टॅमी इथून शब्द घेऊन जाते. आजी शेगडी लावून विसरते, आणि दार उघडून फिलियासला हाका मारते. फिलियास म्हणजे बाबाच असणार, असं टॅमीने ठरवून टाकलंय. बाप घरी असला की आजी तोंडच उघडत नाही. आणि ती उठून गेली तर कळावं म्हणून टॅमी आपला पाय मफलरने आजीच्या पायाला बांधून झोपते.

आत्या, माझ्या हातातली चेन तिथेच अडकली. ती पुढे म्हणाली, बाबाला कळलं तर आजीला विटांच्या इमारतीत टाकतील. म्हणजे इथलं वृद्धांचं घर. मग उड्या मारत खेळायला गेली.

मी हबकून गेलोय. ज्या शब्दांना आम्ही तारे चिकटवतो त्यांच्यावर या पोरीचं घर चाललंय. मादामला सांगू? पण तिने मला कुठे सांगितलं, तिने एका भिंतीला सांगितलं. येत्या शुक्रवारी गप्पांची पाळी तिचीच आहे. तोवर हवे ते शब्द मी तिला हळूच पुरवणार, म्हणजे ती आपणहून सांगेल आणि कुणी चहाडी केली असं होणार नाही. बरोबर ना?

तुझ्याकडच्या सगळ्या म्हाताऱ्यांना नमस्कार. रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस, माझ्यापाशी तेवढीच पुंजी आहे.

तुझा,
वाल्मो


काराकेत,
बुधवार, १२ नोव्हेंबर १९८६

चि. वाल्मो यास,
अ. आ.

अरे गाढवा! दोन महिन्यांनी पत्र येतं आणि त्यात हे? वाचता वाचता हातातला बटाटा तसाच राहिला. बरोबर ना, असं विचारतोस? नाही. अजिबात बरोबर नाही. शेगडी शुक्रवारपर्यंत थांबते का? हे पत्र हातात पडेल त्या घटकेला उठ आणि त्या बाईंना सांग.

मी सोळा वर्षं म्हातारी माणसं सांभाळतेय. त्या आजीला नात काही शिकवत नाहीये रे. म्हातारपणी डोक्यातलं शेवटी आलेलं आधी जातं. माझ्याकडे एक खलाशी होता, उभा जन्म बॉस्टनकडे काढलेला. शेवटच्या वर्षी त्याला इंग्रजीत पाणीसुद्धा मागता येईना. ती बाई आपल्यातली आहे. आपल्या किनाऱ्याच्या किती तरी पोरी इंग्रज गावांत घरकामाला गेल्या, तिथेच लग्न केलं आणि नाव बदलून गप्प बसल्या. आपण त्यांना नुसतं 'गेली' म्हणायचो आणि विषय संपवायचो.

टेलिफोन करणार होते, पण तू नंबर दिला असशील तर ना! पत्ताही पाकिटामागे, तोही अर्धा. घोडा आणि पाद्र्याचं मला काहीही ऐकायचं नाही. निदान आत्ता नाही.

पोट सांभाळ, गरम मोजे घाल. चिडले आहे, पण आशीर्वाद आहेतच.

तुझी,
अल्बेर्तिन आत्या


हार्डिंग,
रविवार, १६ नोव्हेंबर १९८६

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल शनिवारी मिळालं. म्हणजे सगळं होऊन गेल्यावर. तू म्हणतेस ते खरं आहे, मी गाढवच, पण काय झालं ते ऐक. 

आठवडाभर मी पुठ्ठ्याच्या स्वयंपाकघरात टॅमीबरोबर खेळलो. शेगडी लाल आहे. ती विसरते. मी एकटी आहे. मला भीती वाटते. ती एकेक वाक्य तोंडात गोळीसारखं घोळवायची. शुक्रवारी ती गालिच्यावर उभी राहिली, हातात तो मफलर. आणि सगळं बोलली. आजी विसरते. शेगडी लाल होते. मी पाणी ओतते. आजी बाहेर जाते, मी पाय बांधते. बाबा लांब आहेत. मी एकटी आहे, मला भीती वाटते. एकदाही अडखळली नाही.

 आता मादाम उठतील, तिला जवळ घेतील, असं वाटलं. आत्या, त्यांनी टाळ्या वाजवल्या! सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. मादाम म्हणाल्या की वाक्यं किती नीटस, आवाज किती छान चढवला, आणि शेवटी भीती घालून गोष्ट कशी रंगवली बघा. मग सोनेरी तारा चाटून तक्त्यावर लावला. ड्वेनने हात वर करून विचारलं, गोष्टीत अस्वल कधी येतं?

टॅमी ताऱ्याकडे बघत उभी राहिली. मग शहाण्यासारखी जाऊन जागेवर बसली. तिला वाटलं असणार की सांगितल्यावर एवढंच होतं.

आणि मी ओरडलो. इंग्रजीत. ही गोष्ट नाहीये, हे खरं आहे, तिची आजी आत्ता घरी एकटी आहे, असं काही तरी. इंग्रजीत का, देव जाणे. तिने मला सगळं इंग्रजीतच सांगितलं होतं, म्हणून ते तसंच बाहेर पडलं असावं.

वर्ग थिजला. खिडकीवर ससा बोलला असता तर पोरं इतकी दचकली नसती. ड्वेन रडायलाच लागला, कारण महिनाभर तो माझ्यासमोर माझ्या मिशीला इंग्रजीत सुरवंट म्हणत होता. मादामचा चेहरा खडूसारखा पांढरा. आणि टॅमीने माझ्याकडे पाहिलं. आत्या, ते पाहणं मी कसं लिहू? व्हरांड्यातला एकेक दिवस तिच्या डोळ्यांतून मागे मागे जाताना मला दिसला. तिने मफलर घडी घालून खाली ठेवला आणि तोंड भिंतीकडे केलं.

मी, मादाम आणि मुख्याध्यापक लॉकहार्ट तडक तिच्या घरी गेलो. गाव संपल्यावरचं घर, शेजार नाही. विजेच्या शेगडीची तबकडी लालभडक, वर भांडं नाही, आणि आजी त्यावर हात शेकत उभी, बाही तबकडीपासून बोटभर लांब. मला पाहून म्हणाली, पाय पूस, आणि बोटी परतल्या का ते सांग. इथून तीन तासांच्या आत कुठे समुद्र नाही! बोलणं अगदी आपलं, तुझ्या आईचं असावं तसं. मादाम तिथेच बाकावर बसल्या आणि रडल्या. मी शेगडी बंद केली.

ट्रकच्या कंपनीने निरोप दिला होता, म्हणून फिल काल सकाळी पोचला. धिप्पाड माणूस, तीन रात्रींचा जागलेला. मलाही त्याच्या घरी बोलावलं होतं. तो लॉकहार्टसाहेबांवर असा तुटून पडला की खिडक्या हलल्या. त्याच्या आईला फ्रेंचचा एक शब्दही येत नाही म्हणे, कधीच येत नव्हता. तुमच्या शाळेतून पोरगी हे घरी घेऊन आली आणि म्हातारीला ते उवांसारखं लागलं! ती नुसतं बरळतेय, आणि आम्ही तिच्या बरळण्याला भाषा म्हणतोय.

 मग आपल्याकडे कुणीही नवीन भेटलं की विचारतात तेच मी आजीसमोर वाकून विचारलं, की आजी, तू कुणाची गं?

ती ताठ झाली. चेहऱ्यावरची राख कुणी फुंकरीने उडवावी तशी. आणि शाळेतल्या मुलीसारखं घडाघडा म्हणाली: व्हेरोनिक, फिलियासची, दोझितेच्या फिलियासची, मिस्कू बेटावरची.

गावात तिला व्हेरा म्हणतात. फिलने मला विचारलं, ती काय म्हणाली. मी सांगितलं. फिलियास म्हणजे तिचा बाप, असंही सांगितलं. तो टोपी हातात घेऊन जिन्यावर बसला. म्हणाला की माझं नाव इंग्लंडच्या राणीच्या नवऱ्यावरून ठेवलंय, असं आई सांगायची. 

जिन्याच्या वर टॅमी उभी होती. मी तिला दोन्ही भाषांत हाक मारली. ती आत निघून गेली.

आता जास्त लिहवत नाही. तुझी माया अजून शिल्लक असेल तर तिथून थोडी इकडे पाठव.

तुझा,
वाल्मो


काराकेत,
गुरुवार, २० नोव्हेंबर १९८६

चि. वाल्मो यास,
अ. आ.

पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा घरातल्या सगळ्यांना मोठ्याने.  टाळ्यांच्या जागी आमच्या म्हाताऱ्या लिओनीने तर चमचाच टाकला. त्या बाईंना फार बोलू नकोस. दिवसभर वाक्यं मोजणाऱ्या माणसाला वाक्यच दिसतं. आणि तू उशीर केलास, पण ओरडलास. ते बरं केलंस.

आता नीट ऐक. त्या विटांच्या इमारतीत तिला ठेवतील, आणि तिथे तिच्या भाषेचं कुणी नसेल. अशी माणसं महिन्याभरात मिटून जातात, मी पाहिलंय. माझ्याकडे खिडकीजवळचा पलंग म्हातारे एड्वा गेल्यापासून रिकामा आहे. मिस्कूवरचं कुणी ना कुणी तिला ओळखेल. तिकडे लोक सात पिढ्या विसरत नाहीत. पण मी कुणाची आई ओढून आणणार नाही. मुलाने स्वतः आणली तर आणावी. माझा पत्ता त्याला दे, पूर्ण दे, तुझ्यासारखा अर्धा नको.

पोरीच्या मागे लागू नकोस. तिचा रुसवा खराखुरा आहे, त्याला त्याचा वेळ लागेल.

आशीर्वाद, आणि या वेळी चिडल्याशिवाय.

तुझी,
आत्या


हार्डिंग,
रविवार, ७ डिसेंबर १९८६

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तू म्हणालीस तसंच झालं. आजी विटांच्या इमारतीत आहे. स्वच्छ जागा, परिचारिकाही प्रेमळ, पण तिच्याशी मोठ्याने इंग्रजीत बोलतात, आणि ती उत्तर देत नाही म्हणून अजून मोठ्याने बोलतात. पलंगाशी पाटी लावलीय की या बोलत नाहीत. बोलत नाहीत! मी जातो तेव्हा सुरुवातीला बोटींबद्दल, वाळत घातलेल्या कॉड माशांबद्दल पुष्कळ बोलायची. या आठवड्यात मी तासभर बसलो तर नुसता माझा अंगठा धरून होती. मी तिला पाद्री नि घोड्याची गोष्टही सांगितली. हसलीसुद्धा नाही.

फिलला तुझा पत्ता सिगारेटच्या पाकिटावर लिहून दिला. त्याने न बघता खिशात टाकला. म्हणाला, पाच तासांवर परक्या घरी मुलगा आईला टाकत नसतो, आणि तिथे गेलो तर तिच्याशी मी बोलणार कसा? मी म्हणालो की इथे तरी कुठे बोलतोयस? ते बोलायला नको होतं. त्याने दार लावून घेतलं. आता तो लांबच्या फेऱ्या घेत नाही, घरीच असतो, आणि टॅमीने सांगितल्याशिवाय त्याला आईला काय हवंय तेही कळत नाही.

वर्गात टॅमीचा चिमटा रोज हिरव्यावर असतो. का, तर ती बोलतच नाही. ना ही भाषा, ना ती. गुरुवारच्या खेळात उठत नाही. डगल्याची चेन स्वतः ओढते, अडकली तरी. मादामनी ताऱ्यांचा तक्ता काढून टाकलाय. शुक्रवारी कुणीही बोललं की आता त्या शेजारी गुडघे टेकून आधी विचारतात, हे खरं आहे का रे? परवा ड्वेन म्हणाला, आमचा हॅमस्टर मेला. खरंच मेला होता. सगळा वर्ग रडला.

नाताळला मी इथून निघावं म्हणतो. युकॉनला एकाच्या ओळखीने काम आहे. इथे राहून मी कुणाचं भलं करतोय? जी एक पोर माझ्याशी बोलायची तिलाच मी गप्प केलं. लॉकहार्टसाहेबांना अजून सांगितलं नाही. तुला आधी सांगतोय.

तुझा लोभ युकॉनपर्यंत पुरेल एवढा लांब असू दे.

तुझा,
वाल्मो


काराकेत,
शनिवार, १३ डिसेंबर १९८६

चि. वाल्मो यास,
अ. आ.

युकॉन! तुझा बाप असाच होता. काही मनाला लागलं की हा निघालाच सामान बांधून. जरा बूड टेकून एका जागी लाज सोसायला शीक. ती पोर रोज त्या वर्गात येऊन बसते, तुझ्यासमोर. सात वर्षांची असून बसते. आणि तू पळणार? वर्ष पूर्ण कर, मग हवा तिकडे जा. चेन अडकली की नुसता जवळ उभा राहा, हात लावू नकोस. त्या आजीकडे जाणंही सोडू नकोस. अंगठा धरते ना? मग धरू दे. बोलणं कमी झालं तरी हाताला कळतं, कोण आपलं ते.

इकडे वारा फार आहे, खाडी गोठायला लागलीय. लिओनीचा खोकला बरा. नाताळचे मांस भरलेले पाव परवा करणार, तू येणार असशील तर तुझ्यासाठी दोन वेगळे ठेवते. येणार का ते स्पष्ट कळव, नेहमीसारखं

वाल्मो, इथे मध्येच थांबावं लागलं, आता कपाटाला टेकून उभ्याने लिहितेय, अक्षर पाहून हसू नकोस. मला वाटलं बर्फ काढणारी गाडी आली. खिडकीतून पाहते तर हा मोठा मालट्रक, बाजूवर बटाट्यांचं चित्र, माझं अख्खं अंगण अडवून उभा. एक धिप्पाड माणूस खाली उतरला आणि टोपी नि सिगारेटचं चुरगळलेलं पाकीट हातात घेऊन तसाच उभा. काही तरी इंग्रजीत म्हणाला, मला काय डोंबल कळतंय. तेवढ्यात त्याच्या मागून एक दात पडलेली पोर उडी मारून आली आणि आपल्या भाषेत सगळं नीट सांगितलं: ही माझी आजी आहे, हिला थंडी वाजतेय, आणि बाबा विचारतायत की पलंग अजून रिकामा आहे का. मी दार सताड उघडलं. मग बापाने आईला मुलासारखं दोन्ही हातांवर उचलून आत आणलं. लिओनीने दारातच विचारलं, कुणाची गं तू, आणि आता दोघी आत एकदम बोलतायत, कुणी कुणाचं ऐकत नाहीये.

पोर माझ्या शेजारी उभी आहे आणि तू कुठे आहेस म्हणून तिसऱ्यांदा विचारतेय. तिला तुला काही तरी सांगायचंय. मी म्हटलं मला सांग, मी पत्रात लिहिते. नाही म्हणते. इंग्रजीत सांगायचंय म्हणे, आणि फक्त तुलाच.

तुझी,
आत्या